रॅमचा एक स्लॉट गेला: एकाच स्लॉटवर भागवायचं, दुरुस्ती करायची की बोर्ड बदलायचा?

जुन्या लॅपटॉपमध्ये रॅमच्या (काम चालू असतानाच्या मेमरीच्या) पट्ट्या बसवायच्या दोन खाचा, म्हणजे स्लॉट, असतात. त्यातला एक स्लॉट रॅम ओळखेनासा झाला, की तीन वाटा उरतात. चांगल्या स्लॉटमध्ये जास्त क्षमतेची एकच पट्टी बसवायची, बिघडलेला स्लॉट दुरुस्त करून घ्यायचा, नाहीतर मदरबोर्डच (सगळे भाग जोडणारा मुख्य बोर्ड) बदलायचा. बहुतेकांनी पहिली वाट धरावी असं माझं स्पष्ट मत आहे. मात्र दोष स्लॉटचाच आहे का, हे आधी पक्कं करा.

त्यासाठी प्रत्येक पट्टी एकेकटी दोन्ही स्लॉटमध्ये लावून बघा. दोन्ही पट्ट्या एका स्लॉटमध्ये चालतात आणि दुसऱ्यात एकही चालत नाही, तर पट्ट्या ठीक आहेत. मग चार्जर काढा, बॅटरी सोडवा, पॉवरचं बटण थोडा वेळ दाबून धरा आणि टॉर्चच्या उजेडात तो स्लॉट निरखून बघा. पिना एका रेषेत दिसायला हव्यात. एखादी आत दबलेली असते, एखादीवर काळपट थर असतो, कधी नुसता धुळीचा पुंजका अडकलेला असतो. मऊ ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करा, पूर्ण वाळू द्या. पट्टी तिरकी धरून शेवटपर्यंत आत सरकवा आणि मगच खाली दाबा; दोन्ही बाजूंच्या क्लिपा लागल्या पाहिजेत. कित्येक ‘मेलेले’ स्लॉट इथेच जिवंत होतात.

नाही झाला, तर एकाच पट्टीचा हिशोब मांडा. ड्युअल चॅनल, म्हणजे दोन पट्ट्यांशी दोन मार्गांनी एकाच वेळी होणारी देवाणघेवाण, जातं; म्हणजे डीडीआर३-१६०० (जुन्या लॅपटॉपमधला रॅमचा एक प्रकार) रॅमचा कमाल वेग सेकंदाला २५.६ जीबीवरून १२.८ जीबीवर येतो. ऐकायला हे भयंकर वाटतं, पण लिखाण, ब्राउझर, व्हिडिओ बघणं यात फरक जेमतेम जाणवतो. प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर गेम खेळणाऱ्याला मात्र तो नक्की जाणवेल, कारण ते ग्राफिक्स याच रॅमवर चालतं. खरी अडचण क्षमतेची आहे. इंटेल कोअरच्या दुसऱ्या ते चौथ्या पिढीत एका स्लॉटला ८ जीबीची पट्टी चालते, १६ जीबीची नाही. पहिल्या पिढीत तर अधिकृत मर्यादा दोन्ही स्लॉट मिळून ८ जीबी, म्हणजे एकाला ४. तेवढ्यात आजचा ब्राउझरसुद्धा कुथतो. पट्टी घेताना डीडीआर३ (१.५ व्होल्ट) की डीडीआर३एल (१.३५ व्होल्ट) हेही बघा: १.३५ व्होल्ट मागणाऱ्या लॅपटॉपला १.५ व्होल्टची पट्टी चालत नाही.

दुरुस्तीचं गणित दोष कुठे आहे यावर ठरतं. पट्टी हलक्या हाताने दाबून धरली की मशीन चालू होतं आणि सोडली की अडतं, तर पिनेचा किंवा तिच्या सोल्डरचा संशय घ्यावा. तिथे सुटलेला टाका पुन्हा मारून काम होऊ शकतं. आख्खा स्लॉट बदलणं वेगळं. डीडीआर३च्या स्लॉटला २०४ पिना असतात, प्लास्टिक उष्णतेने वाकतं, शिवाय नवा स्लॉट त्याच उंचीचा आणि त्याच दिशेचा मिळावा लागतो. चिप लेव्हल कामात (बोर्डावरचे बारीक भाग काढून-बसवण्यात) मुरलेला कारागीर असेल तरच या फंदात पडा, कारण सोल्डर वितळवणारी गरम हवा चुकली तर शेजारचा चांगला स्लॉटही जातो.

आणखी एक शक्यता सहसा कुणी तपासत नाही. इंटेल कोअरच्या या पिढ्यांत मेमरी कंट्रोलर, म्हणजे रॅमशी बोलणारा भाग, प्रोसेसरच्या आतच असतो. प्रोसेसर बोर्डाला सोल्डर केलेला नसून सॉकेटमध्ये बसणारा असेल, तर तो नीट न टेकल्यानेही एक चॅनल बंद पडू शकतं. स्लॉटला गरम हवा देण्याआधी प्रोसेसर काढून पुन्हा बसवून घ्या.

मदरबोर्ड बदलणं मला सगळ्यात कमी पटतं. जुन्या मॉडेलचा बोर्ड बहुधा वापरलेलाच मिळतो, त्याचं वयही तुमच्या बोर्डाएवढंच. लॅपटॉपसोबत आलेलं विंडोजचं लायसन्स बोर्डाशी बांधलेलं असतं, आणि डिस्कवर बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं फीचर) असेल तर त्याची ‘रिकव्हरी की’ हाताशी नसताना डेटा उघडणार नाही. स्लॉट जाण्यासोबत चार्जिंग किंवा डिस्प्लेही दगा देत असेल, तरच हा विचार करा. तेव्हाही तेच पैसे दुसऱ्या लॅपटॉपकडे वळवता येतील का, ते आधी तपासा. चौथ्या पिढीपर्यंतचं मशीन विंडोज ११च्या अधिकृत यादीत नाही आणि विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. लिनक्स वापरणाऱ्याला ही अट लागू नाही.

कुठलीही वाट धरलीत तरी रॅम बसवल्यावर मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम रात्रभर चालवा. एकही एरर दिसली, तर त्या मशीनवर कामाच्या फाइल ठेवू नका.