व्हर्टिगो क्लिनिकचं पॅकेज: गॉगलपेक्षा पलंगावरचं काम मोलाचं

कूस बदलली की खोली गरगर फिरते, अर्ध्या-पाऊण मिनिटात थांबते आणि काही महिन्यांनी पुन्हा तेच. असा त्रास घेऊन मोठ्या शहरातल्या व्हर्टिगो क्लिनिकमध्ये गेलं की व्हीएनजी (गॉगल लावून डोळ्यांच्या हालचाली टिपणं), ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी), कॅलरिक अशा चाचण्यांचं पॅकेज पुढे येतं. सेवा चांगली आहे, पण बीपीपीव्हीच्या, म्हणजे कानाच्या आतल्या नलिकांमध्ये बारीक कण शिरून डोकं हलवताच चक्कर येणाऱ्या, पेशंटला त्यातला सगळ्यात साधा भाग उपयोगी पडतो: डोकं ठरावीक पद्धतीने खाली नेऊन बघायची डिक्स-हॉलपाइक चाचणी आणि लगेच त्याच पलंगावर एप्ली, म्हणजे डोकं टप्प्याटप्प्याने फिरवून कण नलिकेबाहेर काढायचा उपचार. हे दोन्ही पहिल्याच भेटीत होत नसेल, तर पॅकेज घेऊ नये.

चाचणी नीट होतेय का, हे पेशंटलाही ओळखता येतं. बसवून मान 45 अंश एका बाजूला वळवतात, पटकन आडवं करतात आणि डोकं पलंगाच्या कडेखाली साधारण 20 अंश ठेवतात. खरा बीपीपीव्ही असला तर चक्कर काही सेकंद थांबून सुरू होते, बुबुळं गोल फिरल्यासारखे झटके घेतात आणि मिनिटाच्या आत सगळं शांत होतं. इथे घाबरून डोळे घट्ट मिटले की चाचणी वाया गेली, म्हणून ‘डोळे उघडे ठेवा’ असं वारंवार बजावणारा तपासनीस चांगला. दोन्ही बाजूंना काही दिसलं नाही तर आडव्या नलिकेसाठी उताणं झोपवून डोकं डावी-उजवीकडे वळवून बघायला हवं. ही पायरी बऱ्याचदा राहून जाते आणि ‘मानेचे मणके झिजलेत’ म्हणून पट्टा गळ्यात येतो.

व्हीएनजीच्या गॉगलमध्ये इन्फ्रारेड कॅमेरा असतो. अंधारात नजर कुठेच स्थिरावत नाही, त्यामुळे बारीक झटकेही टिपले जातात. वारंवार त्रास होणाऱ्याला त्याचा खरा फायदा आहे: कोणता कान आणि कोणती नलिका, याची नोंद राहते. ती कागदावर लिहून मागाच. कानात गार-गरम पाणी किंवा हवा सोडायची कॅलरिक चाचणी मात्र सरळसोट बीपीपीव्हीत फारसं काही सांगत नाही, वर मळमळ होते ती वेगळीच. अमेरिकेतल्या ईएनटी अकादमीच्या 2017 च्या मार्गदर्शिकेतही, निदान स्पष्ट असेल आणि वेगळी लक्षणं नसतील तर अशा जादा चाचण्या आणि स्कॅन करू नयेत असं म्हटलंय.

आता एप्ली. उजवा कान दोषी असेल तर डोकं उजवीकडे 45 अंश वळवून कडेखाली. मग तसंच खाली ठेवून डावीकडे 90 अंश. मग अख्खं अंग डाव्या कुशीवर, नाक जमिनीकडे. शेवटी हनुवटी छातीकडे ठेवून उठायचं. प्रत्येक टप्प्यावर किमान 30 सेकंद, किंवा चक्कर थांबेपर्यंत. बिघडतं ते इथे: दुसऱ्या टप्प्यात डोकं वर उचललं जातं, घाई होते, किंवा कानच चुकतो. कधी कण मागच्या नलिकेतून निसटून आडव्या नलिकेत जातात आणि चक्कर एकदम जोरात येते. त्यासाठी वेगळी लोळण द्यावी लागते, म्हणून पहिल्यांदा घरी एकट्याने करू नये. मानेचा गंभीर आजार किंवा डोळ्याच्या पडद्याचा त्रास असेल तर आधीच सांगायचं. नंतर बसून झोपायची किंवा पट्टा बांधायची गरज नसते. दोन-तीन दिवस तरंगल्यासारखं वाटू शकतं.

गोळ्यांचा भाग सगळ्यात कमकुवत. बीटाहिस्टीन असो वा प्रोक्लोरपेराझिन, गोळीने कण जागचे हलत नाहीत. प्रोक्लोरपेराझिन मळमळीपुरती एक-दोन दिवस ठीक. महिनोन्‌महिने, विशेषतः वयस्कांना, दिली तर झापड आणि हातपाय थरथरण्याचा धोका असतो.

‘हे वाढत जाऊन कान जाईल का, लकवा होईल का?’ या प्रश्नाला क्लिनिकने वेळ द्यायला हवा. उत्तर नाही असं आहे. कॅल्शियम कार्बोनेटचे कण नव्याने सुटून नलिकेत शिरतात म्हणून त्रास परत येतो. पाच वर्षांत जवळजवळ निम्म्या लोकांना येतो. म्हणजे आजार पुढच्या पायरीवर गेला असं नाही. पडण्याची भीती मात्र खरी, त्यामुळे उठताना आधी मिनिटभर कडेला बसा आणि माळ्यावरचा डबा दुसऱ्या कुणाला काढायला सांगा. ड जीवनसत्त्वाची तपासणी मागण्यासारखी आहे. कोरियातल्या 2020 च्या अभ्यासात, ड जीवनसत्त्वाची पातळी मिलिलिटरमागे 20 नॅनोग्रॅमच्या खाली असलेल्यांना वर्षभर दिवसातून दोनदा 400 युनिट ड जीवनसत्त्व आणि 500 मिलिग्रॅम कॅल्शियम दिल्यावर चक्कर परत येण्याचं प्रमाण सुमारे 24 टक्क्यांनी कमी झालं. डोस डॉक्टरांना विचारूनच, मुतखडा असेल तर नक्कीच.

चक्कर तासन्‌तास थांबत नाही, दुहेरी दिसतं, जीभ अडखळते, हात-पाय लुळा वाटतो, चालताच येत नाही किंवा अचानक ऐकू येईनासं होतं, तर क्लिनिकची अपॉइंटमेंट नको. थेट मोठ्या रुग्णालयाच्या इमर्जन्सीत जा.