‘जासूद’ या शब्दाच्या निमित्ताने मोल्सवर्थ कोशाची डिजिटल आवृत्ती

पेशवेकालीन पत्रे वाचू लागलो, तेव्हा जासुदाबरोबर पत्र रवाना केल्याचे उल्लेख पदोपदी आढळले आणि हिंदीतला ‘जासूस’ डोक्यात पक्का बसलेला असल्यामुळे, साधे घरगुती पत्रसुद्धा हेराच्या हाती का द्यावे, हे कोडे मला बरेच दिवस सुटले नाही. ते सुटले मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी शब्दकोशामुळे. त्याची १८५७ची दुसरी आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येते.

मूळ अरबी ‘जासूस’ या शब्दाचा अर्थ हेर असाच आहे. मराठीत मात्र जासूद हा मुख्यतः पत्रे पोहोचवणारा निरोप्या झाला. वाटेत एकाला काही झाले तरी दुसऱ्याने पत्र पोहोचवावे, अशा बेताने दोघांना मिळून धाडत, म्हणून ‘जासूदजोडी’ हा शब्द रूढ झाला. त्यांच्या मजुरीला ‘अजुरा’ म्हणत. जुना अर्थ तरीही पुसला गेला नाही. सभासदाने लिहिलेल्या शिवाजी महाराजांच्या बखरीतला बहिर्जी जासूद सुरतेची पाळत ठेवून येतो, तेथे निरोप्या हा अर्थ घेतला तर प्रसंगच कळत नाही. पत्र घेऊन गेलेला माणूस परतताना वाटेतल्या फौजांची बातमीही आणणारच, त्यामुळे दोन्ही अर्थ एका शब्दात नांदले असावेत, असे मला वाटते.

कोशाच्या या डिजिटल आवृत्तीतली मला सर्वांत उपयोगी वाटलेली सोय म्हणजे व्याख्यांच्या मजकुरातही शोध घेता येतो. ‘मेसेंजर’ हा शब्द रोमन अक्षरांत टाकला की जासूद, दूत, हरकारा अशा शब्दांचा एकमेकांशी ताडून अभ्यास करता येतो आणि शब्द कोणत्या भाषेतून आला, याची खूणही कंसात मिळते.

उणिवा आहेत आणि त्या अभ्यासकाला जाचतात. कोणता अर्थ कोणत्या काळात प्रचलित होता, हे दाखवणारे सनावळीसह दाखले कोशात नाहीत, त्यामुळे हाती असलेल्या पत्रातला जासूद निरोप्या की हेर, याचा निवाडा संदर्भावरूनच करावा लागतो. शिवाय लेखन जुन्या वळणाचे, ‘नांव’, ‘कांहीं’ असे अनुस्वारयुक्त असल्याने आजच्या शुद्धलेखनाप्रमाणे टाकलेला शब्द पुष्कळदा सापडत नाही. अशा वेळी अनुस्वार देऊन किंवा ऱ्हस्व-दीर्घ बदलून पुन्हा शोधावे.