वाईट स्वप्नांसाठी स्लीप स्टडी: पैसे कधी घालावेत, कधी नाही

बेळगावात झोपेची तक्रार घेऊन खासगी दवाखान्यात गेलं की रात्रभराच्या तपासणीचा, म्हणजे स्लीप स्टडीचा विषय निघतोच. खर्च काही हजारांच्या घरात. घोरणाऱ्या माणसासाठी ही तपासणी कामाची आहे. पण खानापूर-निपाणीकडून खास वाईट स्वप्नांसाठी येणाऱ्यांनी पैसे भरायच्या आधी थोडं थांबावं. या दुखण्याचं निदान यंत्रावर होत नाही, नीट विचारपूस करून होतं.

आधी तपासणीत काय मिळतं ते बघू. डोक्याला मेंदूच्या लहरींच्या तारा, डोळ्यांच्या कडेला, हनुवटीवर आणि नडगीवर आणखी तारा, नाकाशी श्वास मोजणारी नळी, छाती-पोटाला पट्टे, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा आणि वर कॅमेरा. एवढं सगळं अंगावर घेऊन परक्या खोलीत झोपल्यावर बहुतेकांना नेमकं त्या रात्री वाईट स्वप्न पडतच नाही. रिपोर्ट ‘नॉर्मल’ येतो आणि घरचे म्हणतात, ‘बघ, काही नाही तुला.’ पैशापेक्षा हे नुकसान मोठं.

घरी लावायचं किट स्वस्त पडतं, पण त्यातल्या बहुतेकांत मेंदूच्या लहरींची तारच नसते. माणूस झोपलाय की आढ्याकडं बघत पडलाय, हेही त्याला कळत नाही. श्वास अडकतो का, एवढंच ते सांगणार. मनगटावरच्या घड्याळातला झोपेचा आलेखही अंदाजच असतो, त्यावर निदान करू नये.

तपासणीचे पैसे खरंच वसूल होतात ते दोन ठिकाणी. घोरणं जोरात आहे, गुदमरून जाग येते, दिवसा पेंग येते, तर श्वास अडकण्याचा आजार असू शकतो आणि त्यामुळंही स्वप्नं बिघडतात. दुसरं म्हणजे पन्नाशीच्या पुढचा माणूस स्वप्नातच लाथा झाडतो, बुक्के मारतो, पलंगावरून पडतो. स्वप्नांच्या झोपेत स्नायू एरवी लुळे पडलेले असतात. या विकारात ते पडत नाहीत आणि स्वप्न हातापायांत उतरतं. पुढं पार्किन्सनसारखा आजार निघण्याची शक्यता असल्यानं न्यूरॉलॉजिस्टनं बघायला हवं. इथं हनुवटीची तार आणि व्हिडिओ पाहिजेतच. बुकिंग करतानाच ‘हे दोन्ही असणार ना?’ असं विचारून घ्या. घरच्यांनी मोबाइलवर काढलेला व्हिडिओही सोबत न्या.

बाकीच्यांना मानसोपचार विभागाची साधी ओपीडी पुरते. बेळगावात बिम्स या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या जिल्हा रुग्णालयात तो विभाग आहे. अवघड केस असेल तर दीड तासावर धारवाडला डिमहान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आहे. चांगली ओपीडी ओळखायची ती प्रश्नांवरून. किती वाजता जाग येते? स्वप्न आठवतं का? वाईट स्वप्नं बहुधा पहाटेकडं पडतात, कारण स्वप्नांची झोप तेव्हा लांबते. माणूस लगेच भानावर येतो आणि स्वप्न तपशिलानं सांगतो. झोप लागल्यावर तास-दोन तासांत किंचाळत उठणं, कुणाला न ओळखणं आणि सकाळी काहीच न आठवणं, हा वेगळा प्रकार. तो मुलांत जास्त दिसतो आणि बहुधा वयाबरोबर जातो. आठवड्याला एक किंवा जास्त वाईट स्वप्नं म्हणजे मध्यम आणि रोजची म्हणजे तीव्र, अशी प्रतवारी करतात.

गोळ्यांची सगळी पाकिटं घेऊन जा. रक्तदाबाच्या प्रोप्रानोलोल, मेटोप्रोलोलसारख्या गोळ्या, नैराश्यावरची काही औषधं आणि दम्या-ॲलर्जीसाठीचं मॉन्टेलुकास्ट यांनी स्वप्नं बिघडू शकतात. मॉन्टेलुकास्टवर तर अमेरिकेच्या औषध प्रशासनानं 2020 मध्ये ठळक इशारा छापायला लावला. गोळी मनानं बंद मात्र करू नका. दारू किंवा झोपेची गोळी एकदम सोडली की दबलेली स्वप्नांची झोप उसळी मारते, मग स्वप्नंही भडक येतात. निपाणी भागात तंबाखू सोडताना निकोटिनचा पॅच लावणाऱ्यांनी तो रात्रभर ठेवल्यास हेच होतं. झोपताना काढून ठेवायचा का, ते डॉक्टरांना विचारा.

उपचारात आमच्या मते सगळ्यात वरचा नंबर स्वप्न बदलून लिहिण्याच्या सरावाचा, म्हणजे इमेजरी रिहर्सलचा. अमेरिकेच्या झोपतज्ज्ञांच्या संघटनेनंही 2018 मध्ये तोच पुढं केला. चोर्ला घाटात ब्रेक लागत नाही, गाडी दरीकडं चाललीय, असं स्वप्न असेल तर ते दिवसा कागदावर लिहायचं आणि हवं तिथून वळवायचं. ब्रेक लागत नाही, पण पुढं चढ येतो, गाडी आपोआप मंदावते आणि कणकुंबीत चहाच्या टपरीपाशी थांबते. आल्याचा वास, हातातला गरम ग्लास, सगळं लिहायचं. मग रोज दिवसा 10 ते 20 मिनिटं हे नवं स्वप्न डोळ्यांपुढं आणायचं. जुनं परत उगाळायचं नाही. फसतं ते बहुधा इथंच: लोक सगळ्यात भयंकर स्वप्नापासून सुरुवात करतात, घाबरतात आणि सोडून देतात. हलक्यापासून सुरू करा आणि काही आठवडे द्या. अपघात किंवा अत्याचाराची स्वप्नं असतील तर एकट्यानं नको, मानसतज्ज्ञासोबतच करा. आणि तो मानसतज्ज्ञ मराठी बोलणारा आहे का, हे अपॉइंटमेंट घेतानाच विचारा. स्वप्न मोडक्या कन्नडमध्ये सांगायला लागलं की अर्धं आत राहतं.

गोळ्यांबद्दल थोडक्यात. क्लोनाझेपाम ही शामक गोळी वाईट स्वप्नांसाठी शिफारशीत नाही. लाथा झाडण्याच्या विकारात मात्र ते वापरतात, आणि श्वास अडकणाऱ्याला त्यानंच त्रास वाढू शकतो. निदान आधी पक्कं हवं ते म्हणूनच. प्राझोसिन हे मूळचं रक्तदाबाचं औषध काहींना उपयोगी पडतं, पण 2018 मध्ये अमेरिकी माजी सैनिकांवरच्या मोठ्या चाचणीत ते औषध नसलेल्या नकली गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. सुरुवातीच्या डोसनंतर उठताना चक्कर येते, म्हणून झोपताना 1 मिलिग्रॅमपासून सुरू करतात.

14416 ही टेली-मानस, म्हणजे मानसिक आरोग्याची सरकारी फोनसेवा फुकट आणि चोवीस तास चालते, भाषाही निवडता येते. कुठल्या विभागात जायचं हे विचारायला ती चांगली. रोजच्या वाईट स्वप्नांसोबत जीव नकोसा वाटत असेल, तर रात्री तीनलाही हाच नंबर लावा किंवा थेट इमर्जन्सीत जा. ओपीडी उघडायची वाट बघू नका.