महारेराचं संकेतस्थळ: तालुक्याच्या गावात प्लॉट घेणाऱ्यांच्या किती कामाचं?

बार्शी असो की फलटण, गावाबाहेर पडलं की ज्वारीच्या रानात मुरमाचे रस्ते, हद्दीचे खांब आणि ‘एनए’ म्हणजे बिगरशेती प्लॉटचा फलक दिसतोच. अशा प्लॉटची पहिली चाळणी म्हणून महारेराचं, म्हणजे बांधकाम आणि प्लॉटच्या प्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचं, संकेतस्थळ उत्तम आहे. शेवटची चाळणी मात्र ते नव्हे.

महारेरात नोंदलेल्या प्रकल्पाच्या जाहिरातीत क्यूआर कोड १ ऑगस्ट २०२३ पासून बंधनकारक आहे. तो स्कॅन केला की प्रकल्पाचं पान उघडतं. तिथला गट नंबर आणि तुम्हाला फिरवून दाखवलेल्या जागेचा गट नंबर एकच आहे ना, हे आधी बघा.

खरा ऐवज आहे मंजूर ले-आउटच्या, म्हणजे जमिनीवर प्लॉट आणि रस्ते पाडण्याच्या आराखड्याच्या, नकाशात. तो उतरवून घ्या आणि मापं स्वतः गुणा. प्लॉट ९ बाय १२ मीटर असेल तर क्षेत्र १०८ चौरस मीटर, म्हणजे साधारण १,१६२ चौरस फूट. पैसे १,५०० फुटांचे मागत असतील तर रस्ता तुमच्या माथी मारलाय. ले-आउट ०.४ हेक्टर किंवा मोठा असेल तर १० टक्के मोकळी जागा सोडावी लागते. तुमचा प्लॉट तिच्यावर तर पडत नाही ना? मंजुरी तात्पुरती आहे की अंतिम, हेही नकाशावरच्या शिक्क्यात वाचा. रस्ते-गटारं अपुरी असली की अंतिम मंजुरी रखडते आणि पुढे बांधकाम परवानगी अडते.

कमकुवत बाजू अशी, की कागद विकासक स्वतः चढवतो. वकिलाचा टायटल रिपोर्ट (मालकी हक्क तपासल्याचा अहवाल) दोन वर्षांपूर्वीचा असू शकतो. म्हणून १५ रुपये भरून डिजिटल सहीचा ताजा सातबारा काढाच. कब्जेदारांची नावं, इतर हक्कांतला बोजा, प्रलंबित फेरफार, सगळं ओळीने वाचा.

शेतजमिनीचे पाडलेले गुंठ्यांचे तुकडे या संकेतस्थळावर सापडतच नाहीत, आणि छोट्या गावांत जास्त फसवणूक तिथेच होते. सामाईक सातबाऱ्यावर नाव लागलं तरी आपला तुकडा कुठला, हे मोजणीत ठरत नाही. बँकही कर्ज देत नाही.

‘महारेराची नोंदणी होतेय, बुकिंग करून ठेवा’ असं कोणी म्हणालं तर थांबा. नोंदणी लागणाऱ्या प्रकल्पात ती होण्याआधी बुकिंग घेणं बेकायदा आहे. नोंदणी झाल्यावरही साठेखत (विक्रीचा करार) नोंदवल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम देऊ नका.