रॉकवूल, पीआयआर, एअरोजेल की व्हॅक्यूम पॅनेल? आधी जागा मोजा

उष्णतारोधक निवडताना नजर जाते ती लॅम्ब्डाच्या, म्हणजे उष्णतावाहकतेच्या आकड्यावर; तो जितका कमी तितकं चांगलं. तो आकडा कोरड्या, अखंड तुकड्यावर मोजलेला असतो. भिंतीवर मात्र सांधे येतात, स्क्रू येतात, ओल येते. म्हणून दोन गोष्टी आधी ठरवाव्यात: थराला किती मिलिमीटर जागा आहे, आणि बसवताना झालेली चूक तो माल किती सोसतो. थर जितका पातळ, तितकी चूक महाग पडते.

जाडीचा हिशेब सोपा आहे: लॅम्ब्डाला हव्या त्या यू-व्हॅल्यूने (भिंतीतून किती उष्णता निसटते त्या मापाने, तेही कमी तितकं चांगलं) भागायचं. मूळ भिंतीचा रोध न धरता ०.२० वॅट प्रति चौरस मीटर-केल्विन गाठायचं तर साधारण असं पडतं (लॅम्ब्डा वॅट प्रति मीटर-केल्विनमध्ये):

थर्माकोल (ईपीएस) किंवा रॉकवूल (दगड वितळवून केलेल्या तंतूंची लादी): लॅम्ब्डा ०.०३६, जाडी १८० मिमी
एक्सपीएस (थर्माकोलच्याच जातीचा घट्ट, बंद पेशींचा फोम): ०.०३३, १६५ मिमी
पीआयआर (पॉलिआयसोसायन्युरेट फोमचा ताठ बोर्ड): ०.०२२, ११० मिमी
एअरोजेल ब्लँकेट (अतिसूक्ष्म छिद्रांच्या सिलिकाची लवचिक चादर): ०.०१५, ७५ मिमी
व्हॅक्यूम पॅनेल (आतली हवा काढून सीलबंद केलेली पाटी): ०.००७, ३५ मिमी

४ मीटर लांबीच्या भिंतीला आतून रॉकवूल लावलं तर खोलीची ०.७२ चौरस मीटर जमीन जाते, व्हॅक्यूम पॅनेलला ०.१४ पुरते. बाहेरून लावायचं असेल आणि जागेची अडचण नसेल, तर हा फरक विकत घेण्यात अर्थ नाही.

अशा ठिकाणी आमची पहिली पसंती रॉकवूलला. ते जळत नाही, त्याचे तंतू १००० अंश सेल्सिअसच्या वरही टिकतात, आणि त्यातून वाफ आरपार जाते, त्यामुळे भिंत वाळू शकते. चौकटीच्या मापापेक्षा १० मिमी जास्त कापून घट्ट बसवावं. कोंबून दाबलं की जाडी जाते, सैल ठेवलं की कडेने हवा खेळते. पाणी शिरलं तर रोध संपलाच.

पीआयआर कमी जाडीत चांगलं काम देतं, पण त्याच्या आकड्यामागे पेशींत अडकलेला पेंटेन वायू आहे. वर्षानुवर्षं तो बाहेर झिरपतो आणि हवा आत येते, म्हणून माहितीपत्रकात ताज्या मालाचा आकडा आहे की मुरलेल्या मालाचा, हे विचारून घ्यावं. कडक थंडीत पेंटेन काही अंशी द्रवरूप होतो आणि रोध नेमका गरजेच्या वेळी घटतो. बोर्ड ताठ असल्याने खडबडीत भिंतीवर मागे पोकळी राहते. तिथे थंड हवा फिरू लागली की पुढचा महागडा थर निरुपयोगी. म्हणून भिंत आधी सपाट करावी, बोर्ड दोन थरांत सांधे चुकवून लावावेत, फटी फोमने भराव्यात आणि फॉइलवर ॲल्युमिनियम टेप मारावी. आगीत पीआयआरवर कोळशाचा थर धरतो, तरी ते जळतं आणि धूर विषारी असतो.

थर्माकोल स्वस्त आणि पुरेसं आहे. मात्र राखाडी, ग्राफाइटवालं थर्माकोल उन्हात तापून वाकतं आणि ओल्या चिकटमिश्रणावरून सुटतं. गिलावा होईपर्यंत त्यावर सावलीची जाळी हवीच. एक्सपीएस पाणी जवळजवळ पीत नाही, म्हणून ते पायाशी किंवा गच्चीवर वॉटरप्रूफिंगच्या वर. दोघांनाही सॉल्व्हंटवालं चिकटद्रव्य विरघळवतं.

एअरोजेलची गंमत त्याच्या छिद्रांत आहे. हवेचा रेणू दुसऱ्यावर आदळण्याआधी सरासरी सुमारे ७० नॅनोमीटर धावतो, आणि ही छिद्रं त्याहून लहान असतात, त्यामुळे रेणू एकमेकांना उष्णता देण्याआधीच छिद्राच्या भिंतीवर आपटतात. म्हणूनच स्थिर हवेच्या ०.०२६ पेक्षाही आकडा खाली जातो. ब्लँकेट कात्रीने कापता येतं, वळतं, वाफही जाऊ देतं. खिडकीच्या बाजूपट्ट्यांना, जिथे १० ते २० मिमीच मिळतात, तिथे याला तोड नाही. अख्ख्या भिंतीला मात्र ते क्वचितच परवडतं. कापताना बारीक धूळ उडते आणि त्वचा कोरडी पडते. हातमोजे, चष्मा, मास्क लागतात.

व्हॅक्यूम पॅनेल ताजं असताना मधोमध लॅम्ब्डा ०.००४ असतो, वरच्या ०.००७ मध्ये कडांतून जाणारी उष्णता आणि वयाची घट धरली आहे. पॅनेल लहान घेतलं की कडांचा वाटा वाढतो. ते कापता येत नाही, म्हणून मापं कारखान्यात जाण्याआधी पक्की हवीत आणि उरलेल्या पट्ट्या पीआयआरने भराव्यात. सिलिकाच्या गाभ्याचं पॅनेल फुटलं की लॅम्ब्डा ०.०२० वर जातो: ३५ मिमीत यू-व्हॅल्यू ०.२० ची जवळपास ०.५७ होते. गरम खोलीवरच्या गच्चीत, दाराच्या उंबऱ्यामुळे उंची वाढवता येत नाही तिथे, ते शोभतं.

आतून रोधक लावताना एक काळजी. मूळ भिंत आणखी थंड पडते आणि खोलीतली वाफ तिच्यावर जाऊन पाणी होते. रोधकाच्या खोलीकडच्या बाजूला बाष्परोधक (वाफ अडवणारा) थर अखंड हवा, विजेच्या डब्यांभोवतीही टेपने बंद केलेला. आणि व्हॅक्यूम पॅनेल वापरलीच, तर त्यांच्या जागांचा नकाशा इमारतीच्या कागदपत्रांत ठेवावा. पुढे कुणी ड्रिल मारण्याआधी तो हाताशी लागेल.