पांढऱ्या ब्लेंड वाईन: बोर्दो, ऱ्होन की विन्यो वेर्द, ताटात काय आहे ते बघून ठरवा

ब्लेंड म्हणजे उरलीसुरली द्राक्षं एकत्र केलेली वाईन, असं मी बऱ्याच जणांकडून ऐकलंय. तसं अजिबात नाहीये. एका द्राक्षात जे कमी पडतं ते दुसरं भरून काढतं, म्हणून तर ह्या वाईन जेवणासोबत इतक्या छान लागतात.

फ्रान्सच्या बोर्दो भागातली पांढरी घ्या. सोव्हिन्यों ब्लांक आणि सेमियों ही द्राक्षं, कधी थोडी म्युस्कादेल. सोव्हिन्योंचा आंबटपणा लिंबासारखा चटकन लागतो पण एकटी असली की जरा टोचते, तिथे सेमियों तिला अंग, म्हणजे तोंडात जाणवणारा भरीवपणा, देते. गारोन आणि दोर्दोन्य ह्या दोन नद्यांमधल्या आंत्र-द्यू-मेर भागातली बहुतेक बिनओकची, म्हणजे ओक लाकडाच्या पिंपात न मुरवलेली, ताजी प्यायची. तिकडे ती आर्काशोंच्या खाडीतल्या कालवांबरोबर पितात. बोर्दोमधल्याच पेसाक-लेओन्यांची मात्र बऱ्याचदा ओक बॅरलमधली, महाग, वर्षानुवर्षं टिकणारी, ती रोजच्या तळलेल्या माशावर घालवू नका. सुरमई किंवा पापलेट रवा फ्राय, वर लिंबू, तिखट बेताचं, तर आंत्र-द्यू-मेर डोळे झाकून घ्या.

फ्रान्समधल्याच ऱ्होन खोऱ्यातली एकदम वेगळी. मार्सान, रूसान, ग्रनाश ब्लांक, थोडी व्हियोनिये. जर्दाळू, बदामासारखा वास, तोंडात जाड लागते, आंबटपणा कमी आणि अल्कोहोल १३-१४ टक्के. मी एकदा कोळीवाडा कोळंबीबरोबर ही उघडली आणि मिरची दुप्पट झोंबायला लागली, कारण अल्कोहोल जास्त असलं की तिखट अजून भडकतं, आणि कोळंबी तर इतकी मस्त झाली होती, फार वाईट वाटलं. पण तीच वाईन नंतर नारळाच्या दुधातल्या सौम्य चिकनबरोबर प्यायलो तेव्हा कळलं की हिची जागा इथे आहे. रोस्ट चिकन, क्रीमचा सॉस, काजूची ग्रेव्ही, मलई पनीर, सगळं चालतं. सोलकढीसोबत नको, आंबट पदार्थापुढे कमी आंबट वाईन पाणचट लागते.

आणि माझी लाडकी, पोर्तुगालच्या वायव्येची विन्यो वेर्द. वेर्द म्हणजे हिरवी, पण ते रंगाचं नाव नाही, कोवळी ताजी वाईन ह्या अर्थाने म्हणतात. लोरेरू, अरिंतू, त्रजादुरा अशी द्राक्षं, अल्कोहोल साधारण ९ ते ११.५ टक्के, जिभेवर बारीक बुडबुडे. तिकडे भाजलेल्या सार्डिनबरोबर पितात, म्हणजे आपल्या तारलीचीच बहीण. गोव्याचा रेशाद मसाला भरलेला बांगडा, ज्यात व्हिनेगर आणि लाल मिरची दोन्ही असतं, त्याला ह्या तिघींमधली हीच पुरी पडते, आंबटाला आंबट भिडतं आणि अल्कोहोल कमी म्हणून मिरची आटोक्यात राहते. कोथिंबीर वडी, भजी, तिसऱ्यांचं सुकं, कशाबरोबरही चालते. फक्त लेबल वाचा, नुसत्या अल्व्हारिन्यू द्राक्षाची असेल तर अल्कोहोल १३ च्या आसपास जातं, मग हे गणित बसत नाही.

पाहुणे येणारेत, ताटात सगळंच आहे आणि एकच बाटली घ्यायची आहे? तिखट असेल तर विन्यो वेर्द, नसेल तर बोर्दो. ऱ्होन मेनू नक्की असेल तरच.

आणि विन्यो वेर्द, बोर्दो थेट फ्रीजमधून काढून ओता, पण ऱ्होन पंधरा-वीस मिनिटं आधी बाहेर काढून ठेवा, गारठलेली असली की तो जर्दाळूचा वास येतच नाही.