पेठांमधली पायी सफर: माहिती उत्तम, नियोजन ढिले

पुण्याच्या जुन्या पेठा पायी दाखवणाऱ्या एका संस्थेच्या सफरीत मी गेल्या रविवारी सहभागी झालो. आरंभ शनिवारवाड्यापाशी झाला. 1732 मध्ये वास्तुशांत झालेल्या आणि 1828 च्या आगीत आतून जळून गेलेल्या या वाड्याचा इतिहास मार्गदर्शकाने सनावळीत न अडकता सांगितला. दिल्ली दरवाजाच्या फळ्यांवरचे अणकुचीदार खिळे हत्तीने धडक देऊ नये म्हणून बसवलेले आहेत, हे ऐकून माहीत होते. परंतु ते साधारण हत्तीच्या कपाळाच्या उंचीवर आहेत, हे त्याने हात उंचावून दाखवले तेव्हाच लक्षात आले.

तेथून लाल महाल आणि कसबा गणपती ही ठिकाणे जवळजवळ धावतच उरकली. विश्रामबाग वाड्यासमोर मात्र आम्ही निवांत थांबलो, आणि दुसऱ्या बाजीरावाच्या या वाड्याच्या सज्जाखालचे लाकडी कोरीवकाम पाहताना मान अवघडली तरी पाय निघेना. तुळशीबागेच्या गर्दीत, जिथे बांगड्यांच्या दुकानांपुढे निम्मा गट रेंगाळला (त्यात आमची सौभाग्यवतीही होती), मार्गदर्शकाचा आवाज मागच्यांपर्यंत पोहोचत नव्हता. पंचवीस माणसांसाठी एकच मार्गदर्शक पुरेसा नाही. पाण्याची सोयही कबूल करूनही केलेली नव्हती.

1886 मध्ये सुरू झालेल्या मंडईच्या अष्टकोनी इमारतीखाली सफर संपली. शुल्क वाजवी आहे. ऊन चढण्याआधीची सकाळची तुकडीच निवडावी.